स्पीडस्टरची प्रतिकृती : बीटलचा पत्रा कापण्यापासून गाडी विकेपर्यंतच्या नोंदी

जागा : फ्रीमाँट, कॅलिफोर्निया. घराचं दोन गाड्यांचं गॅरेज. वेळ : नोकरी सांभाळून संध्याकाळी आणि शनिवार-रविवार.

गाडी : पोर्शे ३५६ स्पीडस्टर, १९५५ चं रूप. मूळ स्पीडस्टर १९५४ मध्ये आली. न्यूयॉर्कचा आयातदार मॅक्स हॉफमन याने अमेरिकेसाठी हलकी, उघडी, स्वस्त गाडी मागितली आणि ती तीन हजार डॉलरच्या आत विकली गेली. आज अस्सल गाडीला लाखो डॉलर पडतात. म्हणून फोक्सवॅगन बीटलचा तळ आखूड करून वर फायबरची बॉडी बसवायची ही इथली जुनी रीत आहे. यात मला कमीपणा वाटत नाही. बीटल फर्डिनांड पोर्शेची, आणि त्यांच्या मुलाने १९४८ मध्ये पहिली ३५६ उभी केली ती बीटलचेच भाग घेऊन. इंजिन मागे, हवेने थंड होणारं, चार सिलिंडर आडवे झोपलेले. रक्त एकच आहे.

हे काम करायला बसणाऱ्या कोणाला तरी या नोंदी उपयोगी पडाव्यात म्हणून जे चुकलं ते सगळं लिहिलंय.

११ फेब्रुवारी २०१८

१९७० ची बीटल घेतली, ८५० डॉलर. बॉडी गंजून चाळणी झालेली, पण पॅन, म्हणजे बॉडी जिच्यावर बसते तो पत्र्याचा तळ, धड आहे. पॅनच्या मधोमध लांबीत जाणाऱ्या पोकळ कण्यावर, म्हणजे टनेलवर, नंबर स्पष्ट वाचता येतो आणि मालकाकडे गुलाबी कागद, म्हणजे टायटल, आहे. कागद नसलेली एक गाडी ३०० डॉलरला मिळत होती, ती सोडली. हा निर्णय पुढे किती उपयोगी पडला ते पुढच्या वर्षीच्या मार्चच्या नोंदीत दिसेल.

१९७० चंच साल निवडण्यामागे कारण आहे. अमेरिकेत आलेल्या बीटलना १९६९ पासून मागे स्वतंत्र सस्पेन्शन मिळालं. त्याआधीच्या स्विंग ॲक्सलच्या गाड्या जोरात वळताना मागचं चाक आत दुमडतात.

१० मार्च

बॉडी उतरवली, पॅन धुतला, मोजमाप केलं. बीटलचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २,४०० मि.मी., स्पीडस्टरचा २,१००. म्हणजे मधून बरोबर ३०० मि.मी. काढायचे. मागच्या टॉर्शन ट्यूबच्या (स्प्रिंगचं काम करणारे दांडे जिच्यात असतात त्या आडव्या नळीच्या) पुढे खुणा केल्या. टनेलच्या आत पेट्रोलची नळी, क्लच, ॲक्सिलरेटर आणि हीटरच्या केबलच्या नळ्या आणि गिअरचा लांब रॉड असतो. रॉड आधी ओढून काढला, नळ्या उघड्या केल्या आणि मग ग्राइंडर लावला. चार तासांत पॅनचे दोन तुकडे झाले.

१७ मार्च

मोठी चूक. कापण्याआधी पॅनला आडव्या-तिरक्या पट्ट्यांनी बांधून घ्यायला हवं होतं. मी दोन्ही तुकडे स्टँडवर ठेवले, लेव्हल लावली, क्लॅम्प मारले आणि टनेलवर एका दमात लांब वेल्डिंग ओढलं. पत्रा गार झाल्यावर कर्ण मोजले. एक कर्ण दुसऱ्यापेक्षा ९ मि.मी. मोठा.

पहिला विचार आला तो चालवून घेण्याचा. अलाइनमेंटमध्ये थोडं मागेपुढे करता येईल असं मनाला समजावत होतो. रात्री बाबांना फोन केला. त्यांनी कोल्हापुरात उद्यमनगरला चाळीस वर्षं लेथ आणि वेल्डिंगचं दुकान चालवलंय.

"किती म्हणालास? नऊ एम.एम.? खेकड्यागत चालंल गाडी. काप परत."

"अख्खा महिना जाईल, बाबा."

"जाऊ दे की. टाके मारून घे आधी. समोरासमोर टाके मारायचे, एका जागी बसून वेल्डिंग ओढायचं नाही, पत्रा ओढतो. आणि आधी जमिनीवर गाडी काढ."

७ एप्रिल

जमिनीवर गाडी काढली. पद्धत नीट लिहितो, कारण सगळ्या कामात हीच खरी शिकण्यासारखी गोष्ट होती.

गॅरेजची फरशी झाडून घेतली. पुढच्या ॲक्सल बीमच्या दोन्ही टोकांच्या भोकांतून आणि मागच्या टॉर्शन ट्यूबच्या दोन्ही टोकांवरून ओळंबा सोडला. ओळंबा थांबेपर्यंत वाट पाहायची, श्वाससुद्धा लांब धरायचा, मग टोकाखाली पेन्सिलने फुली. चार फुल्या झाल्या की खडू लावलेली दोरी ताणून रेषा मारायच्या : पुढची, मागची, दोन कर्ण आणि मधली. कर्ण जिथे एकमेकांना छेदतात तो बिंदू मधल्या रेषेवर आला पाहिजे. माझा सहा मि.मी. डावीकडे पडत होता. टेपने मोजलेला आकडा मी मनातल्या मनात खाली-वर करत बसलो होतो. फरशीवरच्या फुलीपुढे ते चालत नाही.

जुनं वेल्डिंग कापलं. या वेळी दीड इंची चौकोनी पाइपची चौकट दोन्ही तुकड्यांना बोल्ट केली. टाके समोरासमोर मारले, प्रत्येक टाक्यानंतर हात लावता येईल इतकं गार होऊ दिलं. आतून पट्टी दिली. तीन दिवसांनी चौकट सोडली, ओळंबा परत सोडला. फरक दीड मि.मी. एवढा मान्य केला. वाया गेलेला वेळ तीन आठवडे, पोलाद-गॅस-डिस्कचा एकूण खर्च ४२० डॉलर.

१३ मे

गिअरचा रॉड ३०० मि.मी. कापून आत बाही घालून जोडला. गिअरबॉक्स बसवला (जुन्या भागांच्या बाजारात रोख ५०० डॉलर, पावती घेतली नाही, याची नोंद ठेवा). पहिला आणि दुसरा पडतो, तिसरा घासतो, रिव्हर्स सापडतच नाही. दोन संध्याकाळी लिव्हरची प्लेट इकडेतिकडे सरकवत घालवल्या. दोष तिथे नव्हताच. रॉडच्या एका टोकाला लिव्हरची वाटी असते आणि दुसऱ्या टोकाला कपलरच्या, म्हणजे गिअरबॉक्सशी जोडणाऱ्या तुकड्याच्या, स्क्रूसाठी खळगा. या दोघांमधला कोन कारखान्याने ठरवलेला असतो. जोडताना माझा रॉड चार-पाच अंश फिरला होता.

कापण्याआधी रॉडच्या संपूर्ण लांबीवर एक सरळ रेघ कोरून घ्या, जोडताना रेघेला रेघ मिळवा. हे दहा मिनिटांचं काम मी केलं नाही म्हणून रॉड पुन्हा कापावा लागला.

२४ जून

इंजिन : १६०० ड्युअल पोर्ट (प्रत्येक हेडमध्ये मिश्रण आत यायला दोन वाटा). बोअर (सिलिंडरचा व्यास) ८५.५ मि.मी., स्ट्रोक (पिस्टनची धाव) ६९ मि.मी., म्हणजे १,५८४ सी.सी. इंजिनचं केस (बाहेरचं कवच) मशीन शॉपमध्ये दिलं, बाकी जोडणी मी केली. क्रँकचा एंड प्ले (मागेपुढे सरकण्याची मोकळीक) ०.०७ ते ०.१३ मि.मी. मध्ये हवा आणि तो फ्लायव्हीलमागच्या तीन शिमनी, म्हणजे पातळ चकत्यांनी, साधायचा असतो. शिमचे संच बदलत सहा वेळा फ्लायव्हील चढवलं-उतरवलं, शेवटी ०.१० वर आलं. फ्लायव्हीलच्या नटाला २५३ फूट-पाउंड टॉर्क लागतो. घरातला पान्हा त्याला पुरत नाही, टॉर्क मल्टिप्लायर भाड्याने आणा. खर्च ३,१५० डॉलर.

१५ जुलै ते २ सप्टेंबर

बॉडी आली, ६,८०० डॉलर. दारं, बॉनेट, मागचं झाकण, डॅशबोर्ड धरून. दोन माणसांनी सहज उचलली इतकी हलकी.

इथे दोन चुका, दोन्ही घाईच्या.

पहिली : नवी फायबर बॉडी आतून पूर्ण पिकलेली नसते. आठ दिवसांत घासून प्रायमर मारला. कडक उन्हात गाडी बाहेर उभी केली आणि दुपारपर्यंत मडगार्डवर आतल्या काचतंतूंच्या चटईचं विणकाम वर उमटलं. सकाळी आरशासारखा असलेला पत्रा, म्हणजे फायबरच, संध्याकाळी तागाच्या गोणपाटासारखा दिसत होता. सगळा प्रायमर घासून काढला. मग बॉडी पाच आठवडे रोज उन्हात ठेवली, रोज पाव फेरा फिरवली, आणि नंतरच ब्लॉकने घासायला घेतली. मास्क आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. हातावर काचेची खाज दोन दिवस जात नाही.

दुसरी : दारं मी बॉडी स्टँडवर असतानाच बसवली होती. पॅनवर बोल्ट करून इंजिन चढवल्यावर बॉडी तिच्या वजनाने बसली आणि दाराची फट वर ३, खाली ९ मि.मी. झाली. क्रम असा हवा : बॉडी पॅनवर, इंजिन आत, टाकीत पेट्रोल, सीटवर वाळूची पोती, गाडी चाकांवर. त्यानंतर दारं. बिजागऱ्यांची भोकं भरून नव्याने पाडली. आता चारी बाजूंनी ५ च्या आसपास आहे. डाव्या दाराचा खालचा मागचा कोपरा मात्र अजून ७ आहे. तो सरळ होणार नाही, झाला नाही.

२९ सप्टेंबर

रंग बाहेरून मारून घेतला, ३,४०० डॉलर. फिकट निळा. हे काम घरी करायचा हट्ट धरला नाही ते बरं झालं.

१४ ऑक्टोबर

ब्रेक. पुढे डिस्क, मागे ड्रम. नळ्या जवळच्या दुकानातून तयार घेतल्या, आटे बरोबर बसले म्हणून निश्चिंत झालो. बायको पेडलवर, मी चाकाशी. "दाब... धर... सोड." चौथ्या चाकापर्यंत पेडल कडक होईना. मास्टर सिलिंडरजवळ (पेडलचा दाब जिथून ऑइलला मिळतो तिथे) बघितलं तर प्रत्येक जोडातून घाम फुटल्यासारखं ऑइल येत होतं. अमेरिकन नळीचं टोक दुमडून दुहेरी केलेलं असतं, फोक्सवॅगनला बुडबुड्यासारखं गोल टोक लागतं. आटे सारखे असले तरी बैठक वेगळी. सगळ्या नळ्या बदलल्या.

ब्रेक ऑइल रंग खातं. पुढच्या डिकीच्या आत तळहाताएवढा निळा रंग सुरकुतून उठला. आधी भरपूर पाणी ओता, मग पुसा. मी आधी पुसलं आणि डाग मोठा केला.

२७ ऑक्टोबर

इंजिन सुरू झालं. तिसऱ्या प्रयत्नात. मुलगी घरातून धावत आली. बाबांना फोन लावला, तिकडे रविवारची सकाळ होती. मिनिटभर त्यांनी काही न बोलता ऐकलं.

"मागच्या बाजूचं एक टॅपेट जास्त वाजतंय बघ. गार झाल्यावर गेज घाल."

दुसऱ्या दिवशी थंड इंजिनवर फीलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधली, फट मोजली. ती ०.१५ मि.मी. हवी. सात व्हॉल्व्ह बरोबर, तीन नंबर सिलिंडरचा एक्झॉस्ट ०.२५. या गाडीत इंजिन मागे असलं तरी तीन नंबर सिलिंडर डावीकडे पुढच्या अंगाला असतो, म्हणून "मागच्या बाजूचं" हे शब्दशः जुळलं नाही. पण आठांतलं एक सैल आहे हे त्यांनी जवळजवळ चौदा हजार किलोमीटरवरून फोनवर ओळखलं. लॉकनट मी नीट आवळला नव्हता.

११ नोव्हेंबर

वायरिंग. डावा इंडिकेटर लावला की ब्रेकचे दिवे मंद होतात आणि पेट्रोलचा काटा नाचतो. फ्लॅशर बदलला, स्विच बदलला. मग लक्षात आलं, बीटलमध्ये प्रत्येक दिव्याचं अर्थिंग पत्र्यातून होतं. फायबरमधून वीज जात नाही. माझे मागचे दिवे एकमेकांच्या बल्बमधून अर्थ शोधत होते. प्रत्येक दिव्यापासून वेगळी तपकिरी वायर ओढून पॅनवर घासून चकचकीत केलेल्या एका बोल्टवर आणली. २२ वायरी, दोन शनिवार. वायरिंग आणि मीटर मिळून १,२४० डॉलर.

उत्तर कॅलिफोर्नियातल्या पॅराडाइज गावच्या वणव्याचा धूर इकडे आलाय. आकाश पिवळं, घशात राख. दोन आठवडे गॅरेजचं दार उघडलं नाही.

१५ डिसेंबर

पुढची काच तडकली. स्पीडस्टरच्या बुटक्या काचेची क्रोमची फ्रेम दोन खांबांवर बसते. डावा खांब २ मि.मी. आत झुकलेला होता आणि मी तो स्क्रूने ओढून सरळ करायला गेलो. नवी काच २४० डॉलर. खांबाखाली पातळ रबराची शिम घातली, काच सुटी उभी राहते का बघितलं, मग स्क्रू बोटांनी लावले.

२ जानेवारी २०१९

वर्षाचा पहिला कामाचा दिवस, पहाटेपासून डीएमव्हीच्या, म्हणजे राज्याच्या वाहन नोंदणी खात्याच्या, दारात. कॅलिफोर्नियात घरी बांधलेल्या गाड्यांसाठी एसबी १०० नावाचा कायदा आहे. वर्षाला ५०० क्रमांक. तो मिळाला की धुराच्या नियमांसाठी गाडीचं साल तिच्या रूपावरून किंवा इंजिनवरून ठरवून घेता येतं. माझी १९५५ सारखी दिसते, म्हणून धूरचाचणीतून सूट. क्रमांक मिळाला.

तिथे एका कागदावर सही केली की गाडी स्वतःसाठी बांधली आहे, विक्रीसाठी नाही. सही केली तेव्हा ते अक्षरशः खरं होतं.

९ मार्च

सीएचपीच्या, म्हणजे राज्याच्या महामार्ग पोलिसांच्या, अधिकाऱ्याने मोठ्या भागांच्या पावत्या मागितल्या. पॅनचं टायटल आहे, इंजिनच्या, बॉडीच्या पावत्या आहेत. गिअरबॉक्सची नाही. ज्याच्याकडून घेतला त्या म्हाताऱ्याला शोधायला पाच आठवडे लागले. त्याने स्वतःच्या हाताने विक्रीचा कागद लिहून दिला, वर कॉफी पाजली. दिव्यांच्या तपासणीत नंबर प्लेटचा दिवा अंधुक म्हणून एकदा परत पाठवलं. स्मॉग रेफरीचं (धुराच्या नियमांच्या तपासनीसाचं) स्टिकर लागलं, नवा क्रमांक मिळाला.

कागदावर गाडीचं नाव 'एसपीसीएन', म्हणजे खास बांधलेली. पोर्शे नाही, १९५५ ही नाही. काही जण अशा गाड्या जुन्या सालाने नोंदवून घेतात. ते करू नका. पुढच्या मालकाची फसवणूक त्याच दिवशी सुरू होते. बॉनेटवर पोर्शेचं चिन्हही लावलं नाही, तिथली भोकं भरून रंगवली आहेत.

२० एप्रिल

सुनोलची चढण, दुपारी, ६८० हायवे. ऑइलचा काटा २६० फॅरनहाइटवर. गाडी बाजूला घेतली, अर्धा तास उभा राहिलो. ठिणगीचं टायमिंग बघितलं, बरोबर. पेट्रोल-हवेचं मिक्श्चर बरोबर.

दोष बॉडीत होता. बीटलमध्ये इंजिनच्या चारी कडांना पत्रे आणि रबरी पट्टी असते. खाली सिलिंडरांना लागून तापलेली हवा वर पंख्याकडे परत येऊ नये म्हणून. माझ्या फायबर बॉडीत आणि इंजिनच्या पत्र्यांत बोटभर फट राहिली होती. इंजिन स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढत होतं. त्यात स्पीडस्टरच्या झाकणाची जाळी लहान. पुठ्ठ्याचे साचे कापून ॲल्युमिनियमचे पत्रे बनवले, कडेला जाड फोम लावला, झाकण मागून एक इंच उचललं. त्याच चढणीवर, तशाच उन्हात २१५. प्रतिकृती बघायला जाल तेव्हा आधी इंजिनच्या कडेने बोट फिरवा. बोट आत गेलं तर किमतीचं नंतर बोला.

२२ जून

टप, गाद्या, गालिचा पूर्ण, १,९५० डॉलर. एकूण हिशेब : बीटल ८५०, पोलाद ४२०, बॉडी ६,८००, इंजिन ३,१५०, गिअरबॉक्स ५००, ब्रेक ७८०, चाकं-टायर १,१००, रंग ३,४००, काच आणि फ्रेम ६९०, दुसरी काच २४०, आतलं काम १,९५०, वायरिंग १,२४०, कागदपत्रं आणि किरकोळ १,१००. बेरीज २२,२२० डॉलर. तास १,०४०.

सकाळी साडेसहाला टप खाली करून निघतो. नाइल्स कॅन्यनच्या झाडांखालून तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनचा आवाज कड्यावर आपटून परत येतो. तो ऐकण्यासाठी सगळे तास दिले होते.

१८ ऑगस्ट

कोल्हापुरात पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत शिरलं. आमच्या घराचा तळमजला बुडाला. बाबा-आई वरच्या मजल्यावर होते, हायवे बंद, फोन अधूनमधून. सुखरूप आहेत. पण बाबा अठ्ठ्याहत्तरचे आहेत. आम्ही दोघांनी ठरवलं, डिसेंबरमध्ये परत जायचं.

गाडी नेता येत नाही. या वर्षीच्या (२०१९) नियमांत डाव्या स्टीअरिंगची गाडी सहसा भारतात आयात होत नाही, आणि जुन्या गाडीचे नियम त्याहून कडक. विकायची.

१४ सप्टेंबर

जाहिरातीत पहिल्याच ओळीत लिहिलं : ही पोर्शे नाही. १९७० च्या बीटलचा ३०० मि.मी. कापलेला पॅन, फायबर बॉडी, २०१८-१९ मध्ये घरी बांधलेली. मागितली किंमत २६,५००.

एकाने रोख पूर्ण किंमत देऊ केली, पण पोर्शेचं चिन्ह लावून आणि नोंदीच्या वह्या न देता. नाही म्हटलं. त्याला ती पुढे काय म्हणून विकायची होती ते मला दिसत होतं.

५ ऑक्टोबर

घेणारे गृहस्थ निवृत्त शाळामास्तर, सॅक्रामेंटोहून आले. गाडीखाली आडवे होऊन टनेलचा जोड टॉर्चने बघितला. पट्टी कुठे आहे ती मी हात लावून दाखवली. दाराचा ७ मि.मी. चा कोपरा, डिकीतला ब्रेक ऑइलचा डाग, पावसात डाव्या बाजूने टपातून येणारं पाणी, हे सगळं दाखवलं. २४,८०० ला ठरलं. खर्च वजा जाता २,५८० उरतात, म्हणजे तासाला अडीच डॉलर. प्रतिकृती बांधून विकण्याचा धंदा करू पाहणाऱ्यांनी हा आकडा समोर ठेवावा.

दोन्ही वह्या, पावत्यांची फाइल, जमिनीवरच्या रेषांचे फोटो आणि माझं फीलर गेज त्यांना दिलं. टॅपेट कसं लावायचं ते थंड इंजिनवर त्यांच्याकडून दोनदा करून घेतलं.

मीटर : २,३१८ मैल. ऑइल २,२०० ला बदललंय, अडीच लिटर, जाळी साफ. पुढचं टॅपेट ३,००० ला, तीन नंबर आधी बघणे.